वाळेपर्यंत

गाडी थांबली आणि त्याला जाग आली. जाग आली म्हणजे आपण झोपलो होतो, हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला, आणि ध्यानात आलं तेव्हा तो खडबडून सावरून बसला. समोर रस्ता नव्हता. विटांची भिंत होती, भिंतीला टेकून वाळूचा ढीग, आणि ढिगावर एक कुत्रं पाय पसरून निवांत पडलेलं. दोन्ही बाजूंना बंद गोदामं. त्याचं अर्धं आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात गेलं होतं, शहरातले चढ-उतार त्याला झोपेतसुद्धा सांगता आले असते. पण हा भाग त्याने जन्मात पाहिला नव्हता. शेजारी चाक घट्ट धरून ग्रंथपाल बाई ताठ बसल्या होत्या. साठी उलटल्यावर, नवऱ्याची दृष्टी गेली म्हणून, त्या गाडी शिकायला आल्या होत्या. "सर, पुढे रस्ताच नाही हो," त्या अपराधी सुरात म्हणाल्या, जणू रस्ता त्यांनीच संपवला होता. "इकडे कसे आलो आपण?" त्याने विचारलं. "सरळ," बाई म्हणाल्या. "तुम्ही वळा म्हणालाच नाहीत."

तो शिकवायला लागल्यापासून प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत आला होता: मी गप्प आहे, म्हणजे तुमचं बरोबर चाललंय असं समजायचं. बऱ्याच शिक्षकांची तोंडं सतत चालू असतात, त्याने माणूस बावचळतो. त्याचं स्वतःचं कसब गप्प राहण्यात होतं. तोंड गप्प आणि पाय जागा. शिक्षकाच्या सीटपुढे वेगळा ब्रेक असतो, त्याच्यावर त्याचा पाय अधांतरी असायचा, टेकलेलाही नाही आणि उचललेलाही नाही. घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघतानाही पडद्यावरची गाडी जोरात वळली की तो पाय आपोआप दाबला जायचा आणि बायको हसून म्हणायची, "वाचवलास बिचाऱ्याला." आता त्याने खाली पाहिलं. पाय सीटखाली ओढून घेतलेला होता आणि बूट टाचेतून निघाला होता. "मला वाटलं, आज मी फारच छान चालवतेय," बाई म्हणाल्या. "एवढा वेळ तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत." तो म्हणाला, "छानच चालवलीत." बाईंचा चेहरा खुलला आणि पुढच्याच क्षणी त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "पण तुम्ही बघत कुठे होतात?" त्यांनी विचारलं. त्याने जागा बदलून घेतली, गाडी मागे घेतली आणि विचारत विचारत, चुकत, एखाद्या नवशिक्यासारखा शहरात परत आला. वाटेत दोनदा त्याच्या हातून गाडी बंद पडली. बाईंनी ते पाहिलं असावं. उतरताना त्या दाराला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी तुमच्या ऑफिसात काही बोलणार नाही. पण आमचे हेसुद्धा नुसता थकवा आहे, थकवा आहे, म्हणत राहिले होते. तुम्ही दाखवून घ्या कुणाला तरी."

थकवा. हा शब्द त्यानेही वापरून वापरून गुळगुळीत केला होता. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोळ्यांवरची झापड कोणीतरी ओढून न्यायचं. मग कूस बदलणं, उशी उलटी करणं, पाणी पिणं, त्या पाण्यापायी उठणं. घामाने मान चिकट व्हायची. पहाटे कधीतरी डोळा लागायचा तो इतका उथळ, की रस्त्यावरचं एखादं शटर वर गेलं तरी संपायचा. आणि सकाळी उठताना अंगात जे असायला हवं ते नसायचं. काय नसायचं, ते त्याला सांगता येत नव्हतं. पूर्वी उठल्याबरोबर एक छोटीशी ओढ असायची, चहाची, वर्तमानपत्राची, किंवा नुसती खिडकी उघडायची. उठायला ती पुरायची. आता चहा गरम होता एवढंच कळायचं. दुःख म्हणावं तर कुठे दुखत नव्हतं. सगळ्या गोष्टींवर कुणीतरी पातळ राखाडी कापड टाकून ठेवलं होतं आणि ते काढायला हात उचलावा, एवढंही वाटत नव्हतं. क्षुल्लक कारणावरून मात्र डोकं भडकायचं. चमचा पडला, भडकला. मग आपलीच लाज वाटून तो आणखी गप्प व्हायचा.

बायको दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या नखांत गुलाबी मेण अडकलेलं असायचं आणि बोटांना त्याचा मंद, गोडसर वास यायचा. हा वास त्याला एके काळी वेड लावायचा, हे आठवलं की तो चकित व्हायचा, जणू दुसऱ्या कुणाची तरी चहाटळ गोष्ट कानावर आली आहे. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं ती दारातून आत आली रे आली की तो तिचे हात नाकाशी धरायचा. ती म्हणायची, "अरे सोड, कुणा म्हाताऱ्याच्या हिरड्या आहेत त्या." आणि दोघं हसत सुटायची. ती बोलकी बाई. "दिवसभर परक्यांचं हसू घडवायचं आणि घरी येऊन तुझं थोबाड बघायचं," असं ती सुरुवातीला म्हणायची, त्याला खुलवायला. तो खुलायचा नाही. पुढे पुढे तिने थोबाडावर बोलणं सोडलं. रात्री तिचा हात यायचा, त्याच्या छातीवर थांबायचा, थोडा वेळ वाट बघायचा आणि परत जायचा. हात परत गेला की त्याला बरं वाटायचं. आपल्याला बरं वाटलं, याची खरं तर त्याच वेळी भीती वाटायला हवी होती. एकदा अंधारात तिने विचारलं होतं, "माझं काही चुकलं का?" तो म्हणाला, "कुठे काय, थकलोय." पुढच्या आठवड्यात मुलीच्या खोलीतल्या पलंगावर तिने चादर घातली. मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. "तुझी झोपमोड नको," ती म्हणाली. "आणि तुझीही," तो म्हणाला. इतक्या सभ्यपणे दोघांनी ते उरकलं, की भांडण झालं असतं तर बरं, असं कुणालाही वाटलं असतं.

लोकांकडे याचं कारण तयार होतं. दोन वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ गेला त्याच सुमाराला हे सगळं सुरू झालं होतं. भाऊ त्याला बापाच्या ठिकाणी होता. गाडी चालवायलाही त्यानेच शिकवली, ओरडून ओरडून, आणि आपण शिकवताना गप्प राहायचं हे त्या ओरडण्यातूनच याने ठरवलं होतं. भाऊ गेला तेव्हा त्याला रडू आलं नाही. घर माणसांनी भरलं, कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी डबे आणले, कुणी नुसतं बसून राहिलं, आणि तो आलेल्यांना खुर्च्या देत राहिला. "आत साठलंय त्याच्या," बायका आपसांत बोलायच्या. पुढे त्याच्या चेहऱ्यावर जे काही दिसलं, ते सगळं भावाच्या खाती जमा झालं. "भाऊ गेल्यापासून असा झालाय हो," हे वाक्य बायको फोनवर मुलीला सांगताना त्याने ऐकलं आणि त्याला हायसं वाटलं. हे वाक्य पांघरायला बरं होतं. त्याच्याखाली काहीही झाकलं जायचं. हळूहळू त्यालाही ते पटलं. आपण भावासाठी झुरतोय, न रडल्याची भरपाई करतोय, असं मानलं की त्या राखाडी दिवसांना निदान काही अर्थ यायचा.

म्हणून डॉक्टरणीकडे गेला तेव्हा त्याने पहिलं वाक्य तेच टाकलं. डॉक्टरीण त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने ऐकून घेतलं, भावाबद्दल दोन शब्द बोलली, आणि मग झोपेचं विचारलं, घोरण्याचं विचारलं, वजनाचं विचारलं, आणि त्याच सुरात, मान वर न करता, बायकोजवळ जाण्याबद्दल विचारलं. तो भिंतीवरच्या चित्राकडे बघत म्हणाला, "आता वयानुसार जे असतं ते." "म्हणजे इच्छाच होत नाही, की इच्छा होते आणि जमत नाही?" तिने विचारलं. असा प्रश्न त्याला भावानेसुद्धा कधी विचारला नसता. कान तापले. त्याला एकदम वाटलं, आपण पहिल्यांदा चाकावर बसलोय आणि ही बाजूला बसून आपलं सगळं पाहतेय. "होतच नाही," तो म्हणाला, आणि तोंडातून ते निघून गेल्यावर खोलीत काहीच कोसळलं नाही याचं त्याला नवल वाटलं. रक्त सकाळी द्यायला सांगितलं होतं. त्यातला जो पदार्थ तपासायचा होता, तो सकाळीच सगळ्यात भरात असतो म्हणे. एकदा दिलं, मग खात्रीसाठी पुन्हा दिलं. दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉन खूपच कमी निघालं. "हे पुरुषांचं संप्रेरक," डॉक्टरीण म्हणाली. "हे उतरलं की माणूस मरगळतो, चिडचिडा होतो, झोप बिघडते. आणि झोप बिघडली की हे आणखी उतरतं. दोन्ही एकमेकांचे पाय ओढतात. सगळा दोष याचाच असेल असं मी म्हणणार नाही. पण औषध देऊन बघू." गाडीत बसून झोपण्याबद्दल मात्र ती कडक बोलली. घोरणं वेगळं तपासून घ्यायला लावलं, आणि झोप सुधारेपर्यंत कुणालाही शिकवायला नेणार नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. ऑफिसात त्याने पाठदुखी सांगितली.

घरी येताना त्याला आनंद व्हायला हवा होता. दुखण्याला नाव मिळालं, नावाला औषध मिळालं. पण त्याला कुणीतरी लुबाडल्यासारखं वाटत होतं. तो चालता चालता एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. म्हणजे ते झुरणं भावासाठी नव्हतंच? रक्तात कसली तरी चिमूट कमी पडली, आणि आपण तिला भावाचं नाव देऊन बसलो? मग भावाला आपण दिलं काय? खुर्च्या. आलेल्या माणसांना खुर्च्या दिल्या, एवढंच. आणि ते दुःख जर आपलं नव्हतं, तर त्याआधी जे प्रेम होतं, मेणाच्या वासाने वेडं व्हायचं, ते तरी आपलं होतं का, की तेव्हा ती चिमूट पुरेशी होती इतकंच? समोरून माणसं जात होती, आणि प्रत्येकाच्या आत काहीतरी कमीजास्त होत असणार आणि तो त्याला राग, लोभ, आठवण असं काही म्हणत असणार, असं वाटून त्याला गरगरलं. भाऊ जाऊन इतका काळ लोटल्यावर आता कुठे तो पहिल्यांदा पोरका झाला होता. या विचाराचा शेवट त्याला तिथे सापडला नाही. पायरी ऊन लागून तापली म्हणून तो उठला.

औषध म्हणजे एक पारदर्शक मलम होतं, पाण्यासारखं थंड. रोज सकाळी अंघोळीनंतर खांद्यांना लावायचं, हात साबणाने धुवायचे, मलम वाळेपर्यंत उघडं बसायचं आणि मग सदरा घालायचा. डॉक्टरणीने बजावून सांगितलं होतं, लावलेल्या जागेला घरातल्या बाईमाणसाचा हात लागता कामा नये. तिच्या अंगात ते गेलं तर तिला अपाय होतो. जवळ यायचं झालं तर आधी धुऊन टाका. "मिसेसना सांगून ठेवा," ती म्हणाली होती. तो "हो" म्हणाला आणि त्याने सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं. भावाचं पांघरूण काढावं लागणार होतं. बायकोने अंधारात विचारलेल्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं लागणार होतं, आणि इतका उशीर का झाला तेही. आणि मग तो स्वतःशी एक हिशेबी, लाजिरवाणं वाक्य बोलला: नाहीतरी कोण हात लावतंय? ती सकाळी लॅबसाठी लवकर निघायची. ती गेल्यावर तो मोरीचं दार लावून खांद्यांना मलम लावायचा आणि उघड्या अंगाने स्वयंपाकघरात येऊन बसायचा. त्याला वाटायचं, बरं वाटू लागलं की सांगू. बरं झालेल्या माणसाला सांगणं सोपं जाईल.

बरं वाटायला लागलं ते एकदम नाही. एके दिवशी भाजीला मीठ जास्त आहे हे त्याला कळलं, आणि कळलं म्हणून आनंद झाला. मग झोप जरा खोल लागू लागली. एका सकाळी तर शटर कधी वर गेलं ते समजलंच नाही. अशाच एका दुपारी कपाटातून दुसरंच काहीतरी काढताना भावाचा जुना स्वेटर हाताला लागला. त्यात नाक खुपसून तो इतका रडला, की शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्याला नळ सोडावा लागला. हे रडू मलमाचं की भावाचं, असा प्रश्न आलाच. पण रडू काही त्याच्यासाठी थांबलं नाही. संध्याकाळी बायको आली तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. तिने पाहिलं. ताट वाढलं, जेवली, भांडी घासली, मुलीच्या खोलीत जाऊन दिवा मालवला. तिच्या वागण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. ती नुसती नीट होती. एखाद्या चांगल्या पाहुणीसारखी ती त्या घरात राहत होती, आणि ही पाहुणी केव्हा आली हे त्याला आठवेना. त्याला पहिल्यांदाच भीती वाटली, की आपण परत येतोय खरे, पण घरात कोणी आहे का? सांगायचं ते आता उद्या, असं त्याने तेव्हा ठरवलं. मग परवा, असं ठरवलं.

ज्या सकाळी ते घडलं त्या दिवशी बायकोला लॅबला उशिरा जायचं होतं, हे ती आदल्या दिवशी बोलली होती. त्याच्या लक्षात राहिलं नाही. ती झोपलेलीच आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याने नेहमीसारखं मलम लावलं, हात धुतले, आणि उघड्या अंगाने ओट्याशी येऊन चहा टाकला. चहा उकळेपर्यंत तो गुणगुणत होता. कुठलं गाणं, तेही त्याला ठाऊक नव्हतं. नुसती एक चाल होती, वर जाणारी. ती मागे दारात येऊन उभी होती. बराच वेळ उभी असावी. हे गुणगुणणं तिने शेवटचं कधी ऐकलं होतं, कोण जाणे. ती अनवाणी पुढे आली आणि तिने त्याच्या उघड्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस!"

तो ओरडलाच. ओरडला आणि अंग चोरून असा बाजूला झाला, की ओट्यावरचं भांडं हेलकावलं आणि उकळता चहा गॅसवर सांडला. गॅस विझला, त्याने घाईने बटण बंद केलं. तिची बोटं खांद्याला लागली होती का, नव्हती, त्याला कळेना. "लागलं का? लागलं असलं तर धू. आधी साबणाने हात धू," तो म्हणाला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग बेसिनपाशी गेली, नळ सोडला आणि साबण लावला. पाठमोरी. दिवसभर मेण आणि दातांचे ठसे हाताळणारी बाई. हात धुण्याची तिची एक रीत होती, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. त्याच रीतीने ती धूत राहिली. आणि तिच्या पाठीकडे बघत तो बोलू लागला. आधी मलमाचं बोलला, मग रक्ताचं, मग डॉक्टरणीचा तो प्रश्न आणि त्याचं उत्तरही. ग्रंथपाल बाईंनी गाडी भिंतीपर्यंत नेली ते सांगितलं. तुझं काहीच चुकलं नव्हतं, हे त्याने सांगितलं, आणि ते इतकं बारीक आवाजात आलं, की नळाच्या आवाजात बुडालं असेल म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "भावाचंही नव्हतं ते," तो म्हणाला. "म्हणजे सगळं भावाचं नव्हतं. मला वाटलं होतं, बरा झालो की सांगेन."

तिने नळ बंद केला. टॉवेलने हात पुसले, एकेक बोट करून. मग खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसली. "मी तुझ्या भावाला मनातल्या मनात किती शिव्या घातल्यात, माहितेय?" ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला. जाता जाता माझा नवरा घेऊन गेला म्हणून." त्याला वाटलं, आता ती हसेल. पूर्वीची ती हसली असती. "आरशात बघायचं सोडलं मी," ती म्हणाली. "दुसरी कोणी असेल, असंही बघितलं धरून. तुझे खिसे तपासले. काहीच नाही. दुसरी असती तरी बरं झालं असतं, तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या." तो म्हणाला, "आता होईल सगळं नीट. डॉक्टरीण म्हणाली, वेळ लागतो, पण होतं." ती म्हणाली, "होईल. तुझं होईल." खांद्यांवरचं मलम अजून ओलं होतं. त्याला उठून तिच्याजवळ जावंसं वाटत होतं, दोन वर्षांत कधी वाटलं नव्हतं इतकं, आणि तो टेबलाच्या अलीकडे हात मांडीवर ठेवून बसून राहिला. हे वाटणं आपलंच आहे, याबद्दल त्याच्या मनात कसलीच शंका नव्हती.

"एक सांगू?" ती म्हणाली. "तुझा भाऊ गेला तेव्हा घर भरलं होतं. माणसं येत होती, तुझ्याजवळ बसत होती, कुणी तुला एकटं सोडलं नाही." धुतलेले हात तिने टेबलाखाली घेतले. "माझा नवरा गेला, तेव्हा माझ्याकडे कोणी आलं नाही रे." हे ती रागाने म्हणाली नाही. मग उठून तिने सांडलेला चहा पुसला, गॅस पुन्हा पेटवला आणि कामाला जायची तयारी करायला आत गेली.